अफूच्या पेट्या आणि जमशेटजींचे दान

सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले पश्चिम भारतातले सर्वांत बडे अफू-व्यापारी. माळव्यात पिकलेली अफू मुंबईच्या बंदरातून चीनला रवाना करणाऱ्या भारतीय पेढ्यांत त्यांची पेढी पहिल्या मानाची होती. ‘सर’ ही पदवी मिळालेले ते पहिले भारतीय (१८४२) आणि बॅरोनेट हा वंशपरंपरेने चालणारा किताब मिळालेलेही तेच पहिले (१८५७). मुंबईचे सर ज. जी. रुग्णालय, सर ज. जी. कला महाविद्यालय, माहीमचा कॉजवे आणि पुण्याचा बंड ही कामे त्यांच्या घरच्या पैशाने उभी राहिली किंवा त्या पैशाने त्यांना मोठा हातभार लावला. बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाटासारख्या गावातून एखाद्या अत्यवस्थ रुग्णाला ‘जेजेला’ हलवतात, तेव्हा या दोन अक्षरांमागचा माणूस कोण, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच तर ‘कोणी दानशूर पारशी’ एवढे उत्तर मिळते. ते खोटे नाही, पण अर्धे आहे.

उरलेले अर्धे उत्तर माळव्यात सापडते. उज्जैन, इंदूर, मंदसौर, रतलाम या पट्ट्यातली काळी जमीन अफूला मानवते. रब्बीत पेरलेल्या झाडाला फुले गळून बोंडे धरली की त्यांना चिरा पाडतात. रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घेतात. बंगालमध्ये हे पीक कंपनी सरकारच्या हुकमतीखाली होते. माळव्यात तसे नव्हते. अठराव्या शतकात हा मुलूख शिंदे आणि होळकरांच्या अमलाखाली आलेला होता. गावचा सावकार शेतकऱ्याला पेरणीआधीच उचल देई आणि सुगीला चीक ताब्यात घेई. तो चीक जवसाच्या तेलात मुरवून त्याचे गोळे वळले जात आणि उज्जैनच्या पेठेत त्यांचे सौदे होत. पीक शेतात उभे असतानाच पुढच्या भावावर सट्टा लागे. दरबारांना यातून जकात मिळे, सावकारांना व्याज आणि नफा. मराठी सरदारांच्या मुलखातला हा व्यापार मराठी इतिहासलेखनात फारसा येत नाही. लढाया आणि तह यांपुढे धान्याची व चिकाची जकात फिकी वाटत असावी.

ईस्ट इंडिया कंपनीला माळव्याची अफू खुपत होती. पाटणा आणि बनारसच्या अफूचा मक्ता कंपनीकडे होता. ती अफू कलकत्त्यात लिलावाने विकून कंपनी बक्कळ पैसा मिळवी. माळव्याचा माल स्वस्त होता, तो चीनच्या बाजारात पोचला की बंगालचा भाव पडे. म्हणून एकोणिसावे शतक उजाडताच कंपनीने मुंबईतून या मालाची निर्यात रोखण्याचा प्रयत्न केला. त्याने व्यापार थांबला नाही, त्याने फक्त वाट बदलली. दमण पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि पोर्तुगीजांना कंपनीचा मक्ता सांभाळण्याची काही पडलेली नव्हती. माळव्यातून दमणला जाणारी सरळ वाट कंपनीच्या मुलखातून जाई, तेव्हा माल राजपुतान्यातल्या पालीकडे वळवला गेला. पुढे जैसलमेर, वाळवंट ओलांडून सिंधमधले कराची आणि तिथून गलबताने परत दक्षिणेला दमण, असा हा वळसा होता. शेकडो कोसांच्या या आडवळणानंतरही नफा उरत होता, यावरून चीनमधल्या भावाचा अंदाज बांधता येतो.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि मध्य भारतात इंग्रजांचा शब्द चालू लागला. कंपनीने संस्थानिकांशी करार करून अफूचे पीक आणि वाहतूक आवळण्याचा घाट घातला. होळकर, उदयपूर, कोटा यांच्याशी असे करार झाले. शिंद्यांनी मात्र नकार दिला. मग कंपनीने स्वतःच माळव्यात अफू खरेदी करून पाहिली. त्यातही स्थानिक सावकारांनी तिला भावात खेळवले. शेवटी १८३०–३१ च्या सुमारास कंपनीने हट्ट सोडला आणि पास-पद्धत आणली. पेटीमागे ठरावीक रक्कम भरून परवाना घ्यायचा आणि माल थेट मुंबईला आणायचा. सुरुवातीचा दर पेटीला १७५ रुपये होता. दमणची वाट तरीही सुरूच राहिली म्हणून १८३५ मध्ये तो १२५ वर उतरवावा लागला. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, कराचीचा वळसा बंद झाला आणि त्यासरशी दर चढू लागला: १८४३ ला २००, १८४५ ला ३००, १८४७ ला ४००. तस्करीची पर्यायी वाट उघडी होती तोवर सरकारला दर खाली ठेवावा लागला, हे या आकड्यांतून जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही खलित्यातून दिसत नाही.

पास मिळालेल्या पेट्या आता बैलगाड्यांवर लादून आग्रा रस्त्याने सेंधवा, धुळे, नाशिक असा खानदेश उतरून मुंबईस येऊ लागल्या. 

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ चा. घराणे नवसारीचे आणि बेताच्या परिस्थितीचे. वडील कापडाच्या धंद्यात होते. १७९९ मध्ये आई आणि वडील दोघेही गेले, तेव्हा जमशेटजी सोळा वर्षांचे होते. मुंबईत मामा फ्रामजी नसरवानजी रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करत, म्हणून त्यांना बाटलीवाला म्हणत. भाचाही त्याच धंद्यात शिरला आणि काही काळ तेच आडनाव त्यालाही चिकटले. १८०३ मध्ये मामाची मुलगी आवाबाई हिच्याशी त्यांचे लग्न झाले. औपचारिक शिक्षण जवळपास नाही, इंग्रजी कामापुरती. चीनची पहिली सफर त्यांनी मामाकडे येण्याच्या त्याच सुमारास एका व्यापाऱ्याचा मदतनीस म्हणून केली. पुढच्या सफरी स्वतःच्या मालावर होत्या, त्यासाठी लागणारे भांडवल उसने.

त्या काळात मुंबई आणि चीनमधले कँटन बंदर यांच्यातल्या व्यापाराचा मुख्य माल गुजरातचा कापूस होता. नेपोलियनच्या युद्धांनी समुद्र धोक्याचा झाला होता. पण धोका पत्करणाऱ्याला भावही तसाच मिळे. जुलै १८०५ मध्ये ‘ब्रन्सविक’ हे कंपनीचे जहाज सिलोनजवळ फ्रेंचांनी पकडले. जहाजावर जमशेटजी होते आणि विल्यम जार्डिन हा तरुण स्कॉटिश शल्यविशारदही होता. बंदिवान आफ्रिकेच्या टोकावर नेले गेले. तिथून एका डॅनिश जहाजाने जमशेटजी कलकत्त्याला आणि पुढे मुंबईला परतले. दोघांची ओळख याच फेरीत झाली, असे परंपरेने सांगितले जाते. १८०७ नंतर जमशेटजी पुन्हा चीनला गेले नाहीत. जहाजावर चढण्याऐवजी जहाजे पाठवायची, हा निर्णय त्यांच्या भरभराटीला कारणीभूत ठरला.

मुंबईत त्यांनी पेढी उभारली ती पारशांपुरती ठेवली नाही. भागीदार होते जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, कोकणी मुसलमानांच्या रोगे घराण्यातले महंमद अली रोगे आणि गोव्याचे रोजेरियो द फारिया. हे चौघे एकत्र येण्याला धंद्याचे कारण होते. मोतीचंदांचे हात माळवा आणि गुजरातच्या सराफीत पोचलेले. रोगे पिढीजात जहाजवाले, नाखुदांच्या वस्तीतले वजनदार कुटुंब. फारियांचा पोर्तुगीज अधिकाऱ्यांशी घरोबा, त्यामुळे दमण आणि मकाव ही दोन्ही दारे त्यांच्यासाठी उघडी. माळव्यातली पत, समुद्रावरची जहाजे आणि पोर्तुगीज बंदरे अशी ही साखळी जोडली गेली. फारिया पुढे गोव्याच्या राजकारणात गुंतले, १८३५ मध्ये पदच्युत झालेले गोव्याचे प्रीफेक्ट बेर्नार्दो पेरेस द सिल्वा यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि त्यांचा धंदा बुडाला. जमशेटजी अशा कुठल्याही दरबारी साहसात पडले नाहीत. इंग्रजांच्या राज्यात इंग्रजांशीच जमवून घ्यायचे, हे त्यांनी फार लवकर ठरवले होते.

चीनमध्ये अफूच्या विक्रीवर आणि ओढण्यावर १७२९ पासूनच बंदी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस आयातही निषिद्ध ठरली. कंपनी सावध होती. तिची स्वतःची जहाजे अफू नेत नसत. कलकत्त्याच्या लिलावात ती माल विकून मोकळी होई, आणि पुढचा गुन्हा खासगी व्यापाऱ्यांच्या नावावर पडे. ही जहाजे पर्ल नदीच्या मुखाशी लिंटिन बेटाजवळ नांगर टाकीत. तिथे तोफा चढवलेली साठवणीची जहाजे कायम उभी असत. चिनी दलाल कँटनमध्ये चांदी मोजून चिठ्ठी घेई. ती चिठ्ठी दाखवली की पेट्या वल्ह्यांच्या वेगवान होड्यांवर उतरत. किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांचा हप्ता ठरलेला असे. मिळालेली चांदी व्यापारी कंपनीच्या कँटनमधल्या खजिन्यात भरत आणि लंडन किंवा कलकत्त्यावरच्या हुंड्या घेत. त्या चांदीतून कंपनी चहा विकत घेई. इंग्लंडच्या घराघरात उकळणाऱ्या चहाची किंमत अशा रीतीने माळव्याच्या आणि बिहारच्या शेतातून चुकती होत असे.

या व्यवस्थेत जमशेटजींचा माल कँटनमध्ये विकण्याचे काम मॅग्नियाक पेढी आणि १८३२ पासून तिची वारसदार, त्याच विल्यम जार्डिनची जार्डिन, मॅथेसन अँड कंपनी करी. भारतातून या पेढीकडे माल पाठवणाऱ्यांत जमशेटजी अग्रगण्य होते. शतकाच्या सुरुवातीला वर्षाला चार-पाच हजार पेट्या चीनला जात. १८३० च्या आसपास हा आकडा अठरा-एकोणीस हजारांवर गेला आणि १८३८–३९ च्या हंगामात चाळीस हजारांच्या घरात पोचला. एका पेटीत साधारण ६० ते ६४ किलो अफू मावे. १८३० च्या दशकातल्या काही वर्षी माळव्याच्या पेट्या बंगालच्या पेट्यांहून जास्त भरल्या. पुढे शतकाच्या मध्यावर कंपनीच्या हिंदुस्थानातल्या एकूण महसुलाचा सहावा-सातवा हिस्सा अफूतून येत होता. मुंबईच्या गोदीत रोज घडणाऱ्या या व्यवहारात गुप्तता नव्हती. जकातघर, विमा, हुंडी, नोंदवही सगळे उजेडात होते. आजच्या ‘ड्रग माफिया’च्या कल्पनेला हे जुळत नाही, आणि नेमके हेच लक्षात ठेवण्यासारखे आहे: जमशेटजींना कायदा चुकवावा लागला नाही, कारण ज्यांचा कायदा होता त्यांचेच उत्पन्न या मालावर होते. कायदा मोडला जात होता तो दुसऱ्या देशाचा.

जमशेटजींच्या पत्रव्यवहाराच्या वह्या मुंबई विद्यापीठात जपलेल्या आहेत. जार्डिन, मॅथेसनची कागदपत्रे केंब्रिजला आहेत. या पत्रांत भाव, पेट्या, मालाचा कस, जहाजांची ये-जा आणि हुंड्यांचे दर यांचे राज्य आहे. ओढणाऱ्याचे काय होते, हा विषय तिथे येत नाही. जमशेटजींना नंतरच्या काळाच्या नजरेने ढोंगी ठरवणे सोपे आहे. पण पत्रांतून दिसतो तो एक चोख, काहीसा धास्तावलेला व्यापारी. धास्तावलेला अशासाठी, की माल एकदा कँटनला पोचला की विक्रीचा भाव, वेळ आणि रक्कम परत पाठवण्याची रीत, तिन्ही गोष्टी इंग्रज भागीदाराच्या हाती जात. जोखीम मुंबईची आणि अडत कँटनची, असा हा हिशेब होता.

१८३४ मध्ये कंपनीचा चीन-व्यापाराचा मक्ता संपला आणि खासगी व्यापाऱ्यांची झुंबड उडाली. चीनमधून चांदीचा ओघ बाहेर वाहू लागला, व्यसन सैन्यात आणि कचेऱ्यांत पसरले. दाओग्वांग बादशहाने लिन झेशू या करड्या अधिकाऱ्याला खास अधिकार देऊन कँटनला धाडले. मार्च १८३९ मध्ये लिनने परदेशी वखारींना वेढा घातला. ब्रिटिश अधीक्षक चार्ल्स इलियटने व्यापाऱ्यांना माल सरकारच्या नावे सोपवायला सांगितले आणि भरपाईचा शब्द दिला. वीस हजारांहून अधिक पेट्या लिनच्या ताब्यात आल्या. ३ जूनपासून हुमेनच्या किनाऱ्यावर खणलेल्या चरांत मीठ आणि चुना टाकून ती अफू नष्ट केली गेली. काम तीन आठवडे चालले.

जळाली नाही, विरघळली, पण मुंबईत तिचा धूर पोचला. जप्त मालाचा मोठा भाग मुंबईच्या व्यापाऱ्यांचा होता. पेढ्यांची देणी थकली, सराफीत पत आटली. जमशेटजी आणि इतर व्यापाऱ्यांनी लंडनकडे अर्ज धाडले, इलियटने राणीच्या नावाने माल घेतला आहे तेव्हा राणीच्या सरकारने पैसे द्यावेत, असा त्यांचा आग्रह होता. जार्डिन तोवर लंडनला जाऊन परराष्ट्रमंत्री पामर्स्टनला भेटत होता. युद्ध झाले. ऑगस्ट १८४२ च्या नानकिंग तहाने चीनकडून २ कोटी १० लाख डॉलर वसूल केले गेले, हाँगकाँग इंग्रजांकडे गेले, पाच बंदरे खुली झाली. दंडातले ६० लाख डॉलर नष्ट झालेल्या अफूपोटी होते. म्हणजे पेटीमागे जेमतेम ३०० डॉलर, तेही उशिरा. मुंबईवाल्यांचा तोटा त्यातून भरून निघाला नाही. युद्ध जिंकले गेले ते ज्यांच्या मालावरून, त्यांच्यातल्या भारतीयांच्या पदरी त्या विजयाचा लहान वाटा पडला.

त्याच वर्षी जमशेटजींना ‘सर’ पदवी मिळाली. तिचे घोषित कारण दानधर्म आणि राजनिष्ठा हे होते.

या दानाचा आवाका खरोखर मोठा होता. मृत्यूपर्यंत त्यांनी दिलेल्या देणग्यांची बेरीज सुमारे २ लाख ३० हजार पौंड धरली जाते. १८२२ मध्ये त्यांनी मुंबईच्या दिवाणी तुरुंगातल्या गरीब कर्जदारांची कर्जे फेडून त्यांना सोडवले. १८३७ च्या सुरतेच्या आगीनंतर मदत गेली. रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले ते सरकारनेही तितकीच भर घालावी या अटीवर. ३ जानेवारी १८४३ ला पायाभरणी झाली, १५ मे १८४५ ला रुग्णालय सुरू झाले. शेजारीच ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. तिथल्या पहिल्या तुकडीतून भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग बाहेर पडले. एक मुंबईच्या सार्वजनिक जीवनातला धुरीण झाला, दुसरा प्रार्थना समाजाचा संस्थापक. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी सुधारणेची एक मुळी अशी अफूच्या पैशावर वाढलेली आहे, ही गोष्ट सुधारकांच्या चरित्रांत क्वचितच नोंदली जाते.

माहीमचा कॉजवे मात्र आवाबाईंचा. माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीत नावा उलटून माणसे बुडत. सरकारने खर्च करायचे टाळले. आवाबाईंनी टप्प्याटप्प्याने १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि अट घातली की या रस्त्यावर कधीही टोल घेऊ नये. एकोणिसाव्या शतकातल्या एका गृहिणीने घातलेली ही अट आजच्या महाराष्ट्रात मुद्दाम आठवावी अशी आहे. पुण्यात मुळा-मुठेवर बंधारा घालून शहराला पाणी देण्याच्या योजनेला जमशेटजींनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. १८५० मध्ये तो पुरा झाला आणि पुणेकरांनी त्याच्या शेजारच्या बागेला बंडगार्डन म्हटले. १८४९ मध्ये गरीब पारशी मुलांसाठी पारसी बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन निघाली. कलाशाळेसाठी दिलेल्या एक लाखातून मार्च १८५७ मध्ये वर्ग सुरू झाले. पुढे दादासाहेब फाळके तिथे शिकले, म. वि. धुरंधर शिकले आणि शिकवूही लागले, वासुदेव गायतोंडे तिथूनच घडले.

हे दान पापक्षालनासाठी होते असे समजणे काही लेखकांना आवडते. त्याला पुरावा नाही, आणि त्याची गरजही नाही. झरथुष्ट्री समाजात संपत्तीचा विनियोग परोपकारात करणे हा धर्माचा भाग आहे. जमशेटजींनी तो पाळला. त्याचबरोबर, सरकारला जोडीला घेऊन, सरकारला हव्या असलेल्या कामांसाठी पैसा देणे ही प्रतिष्ठेची नवी वाट त्यांनी पाडली. १८३४ मध्ये मुंबईत ज्या पहिल्या भारतीयांना जस्टिस ऑफ द पीस नेमले त्यांत ते होते. १८४५ मध्ये रेल्वेच्या हालचालींत नाना शंकरशेट यांच्याबरोबर त्यांचे नाव होते. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली तेव्हा मानद अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ऑगस्ट १८५७ मध्ये, उत्तरेत उठाव पेटलेला असताना, त्यांना बॅरोनेट करण्यात आले. पुढच्या प्रत्येक वारसाने त्यांचेच नाव धारण करावे, असा कायदा १८६० मध्ये झाला. १४ एप्रिल १८५९ रोजी ते वारले, तेव्हा मुंबईच्या टाउन हॉलसाठी मारोकेटी या शिल्पकाराने घडवलेला त्यांचा पुतळा तयार झालेला होता.

व्यापारात मात्र त्यांचा सूर्य आधीच कलला होता. युद्धानंतर आगबोटी आल्या, जार्डिन, मॅथेसनला मुंबईच्या मध्यस्थांची गरज कमी भासू लागली. बगदादहून १८३२ च्या सुमारास मुंबईत आलेल्या डेव्हिड ससूनने मुलांना चीनच्या बंदरांत बसवून खरेदीपासून विक्रीपर्यंतची साखळी घरातच ठेवली. जमशेटजींना जे जमले नव्हते ते त्याने साधले. १८७० च्या दशकात या व्यापारावर ससूनांचा वरचष्मा होता. त्यांचेही दान पुण्यात ससून रुग्णालयाच्या रूपाने उभे आहे. पारशी भांडवल हळूहळू कापडगिरण्यांकडे वळले. गिरणगाव मराठी मजुरांनी भरले ते या दुसऱ्या टप्प्यात. योगायोग असा की त्याच गिरण्यांत पाळीला जाणाऱ्या आया तान्ह्या पोराला झोपवण्यासाठी अफूची बाळागोळी देत, आणि विसाव्या शतकात मजूर चौकशांना त्या गोळीचा प्रश्न वेगळा हाताळावा लागला.

विरोधाचा सूर पारशी समाजातूनच प्रथम निघाला. दादाभाई नौरोजी १८५५ मध्ये कामा अँड कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. अफू आणि दारूच्या नफ्यातला वाटा नको म्हणून १८५८ मध्ये त्यांनी ती पेढी सोडली. पुढे संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त मांडताना त्यांनी अफूला हिशेबात पकडले: हिंदुस्थानातून इंग्लंडला जाणारा पैसा काही अंशी चीनला विष विकून भरला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. १८८१ मध्ये तरुण रवींद्रनाथ ठाकुरांनी बंगालीत या व्यापारावर जळजळीत लेख लिहिला. इंग्लंडमधल्या मिशनरी आणि क्वेकर मंडळींच्या दबावामुळे १८९३ मध्ये शाही अफू आयोग नेमला गेला. त्याने १८९५ च्या अहवालात मर्यादित सेवनाला फारसे अपायकारक ठरवले नाही. महसूल वाचला. १९०७ च्या करारानंतर चीनला जाणारी अफू दरवर्षी घटवत नेण्यात आली आणि १९१३ च्या सुमारास ती थांबली.

इतिहासकारांत जमशेटजींबद्दल एकमत नाही. आसिया सिद्दीकी यांनी त्यांच्या व्यवहारांचा तपास करून दाखवले की इंग्रज भागीदारांच्या जाळ्यात हा शेठ सुटा नव्हता. पैसा मायदेशी आणण्याच्या प्रत्येक वळणावर तो इतरांवर अवलंबून होता. अमर फारूकी यांचा भर वेगळा आहे. कंपनीचा मक्ता फोडून माळवा आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी जे भांडवल जमवले, त्यातून पश्चिम भारतात देशी भांडवलदार टिकले. बंगालमध्ये तसे झाले नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जेसी पालसेटिया यांनी दान आणि साम्राज्याशी भागीदारी यांचा एकत्र विचार केला. कादंबरीकार अमिताव घोष यांनी २०११ च्या ‘रिव्हर ऑफ स्मोक’मध्ये कँटनमधला मुंबईचा पारशी व्यापारी नायक केला आणि २०२३ च्या ‘स्मोक अँड ॲशेस’मध्ये या पैशाच्या खुणा शोधल्या. फारूकींचा मुद्दा आर्थिक इतिहास म्हणून पटण्यासारखा आहे. मात्र ‘देशी भांडवल टिकले’ या वाक्यात माळव्यातला कर्जबाजारी शेतकरी आणि कँटनमधला अफूबाज हमाल बसत नाहीत. त्यांचे पुतळे नाहीत, पत्रांच्या वह्या नाहीत, म्हणून या वादात त्यांच्या बाजूने बोलायला कागद सापडत नाही.

मुंबईत हा वाद रस्त्यावर कधी आला नाही. पश्चिमेकडच्या देशांत गुलाम-व्यापाऱ्यांची नावे विद्यापीठांवरून काढली गेली, तशी मागणी ‘जेजे’बाबत झालेली नाही. रुग्णालय आणि कलाशाळा आता दीर्घकाळ सरकारी आहेत आणि नावाचा वापर करणाऱ्यांना त्याची दोन अक्षरे पुरतात. चीनमध्ये मात्र अफूयुद्ध हे राष्ट्रीय मानहानीच्या शतकाचे पहिले पान म्हणून शाळेत शिकवले जाते, हुमेनला त्याचे संग्रहालय आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८७ मध्ये अमली पदार्थविरोधी दिन २६ जूनला ठेवला, तो हुमेनच्या त्या तीन आठवड्यांच्या समाप्तीशी जुळतो. महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांतही त्या दिवशी शपथ घेतली जाते.

माळव्यातले पीक अजून उभे राहते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांत शेतकऱ्याला परवाना मिळतो. चीक सरकार विकत घेते आणि नीमच व गाझीपूरच्या कारखान्यांत त्यापासून वेदनाशामक औषधांचा कच्चा माल होतो. महाराष्ट्र या परवान्याच्या यादीत नाही. २०१२ च्या सुरुवातीला बीड जिल्ह्यात खसखशीच्या नावाखाली लावलेली अफूची शेते पोलिसांनी उखडली आणि शेतकऱ्यांवर याच कायद्याखाली गुन्हे दाखल झाले.